मोटर भरता येते, पण माणूस सांभाळता येतो का? पहिल्यांदा कामाला माणूस ठेवणाऱ्यांसाठी

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी यायला लागलं. त्या दिवसांत आमच्या दुकानाचं शटर वर जायच्या आधीच दारात सात-आठ माणसं उभी असायची. पंप, पाइप आणि ठिबक हा आमचा धंदा. कुणाला बोअरमधली मोटर आणखी दोन पाइप खाली सोडायची असायची, कुणाची कोरडी चालून जळालेली असायची. तेव्हा आमच्याकडे एक मिस्त्री होता. चालू मोटरला कान लावला की बेअरिंग गेलंय का बुश झिजलाय, हे खोलायच्या आधी सांगायचा. त्याला मी दहा मिनिटांत कामावर घेतलं होतं. बिघडलेली मोटर समोर ठेवली, पाच मिनिटांत त्याने दोष सांगितला, पुढच्या पाचात पगार ठरला.

एका दुपारी आमचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक असलेले एक आजोबा आले. मोटर बसवून दोन दिवस झाले, पाणी का येईना, एवढंच विचारत होते. बोअर आटला होता, दोष कुणाचाच नव्हता. मिस्त्री चारचौघांत म्हणाला, "बोअरच मेलाय तर मी काय करू? पाणी पैदा करू का?" आजोबा काही बोलले नाहीत. टोपी सारखी केली आणि गेले. ते पुन्हा आमची पायरी चढले नाहीत. त्यांची मुलंही नाहीत, भावकीही नाही.

बरेच दिवस मी त्या मिस्त्रीलाच बोल लावत होते. पुढे कळलं की चूक माझी होती. मोटर येते का, एवढंच मी त्याला विचारलं होतं, आणि तेवढं त्याला उत्तम येत होतं. रडकुंडीला आलेल्या माणसापुढे तो कसा वागतो, हे मी बघितलंच नव्हतं.

सासऱ्यांनंतर दुकान मी बघते. आज आमच्याकडे अकरा जण आहेत. दुकान असो, वर्कशॉप असो, दालमिल असो की दवाखान्याचं काउंटर, पहिल्यांदाच दोन-चार माणसं घेणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल अशी माझी पद्धत खाली लिहिते. ती ठेचा खाऊन बसवलेली आहे.

'सॉफ्ट स्किल्स' हा शब्द मला आधी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचा वाटायचा. तो चलनात आला अमेरिकेच्या लष्करामुळे. १९७२ साली टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस इथे त्यांनी या विषयावर परिषदच भरवली होती. रणगाडा, बंदूक, यंत्र यांच्याशी फारसा संबंध नसलेली, पण कामाला लागणारी कौशल्यं म्हणजे सॉफ्ट, असा त्यांचा ढोबळ हिशेब. आपल्याकडे यालाच 'वळण' म्हणतात. मोटर भरायला, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायला, मी कुणालाही सहा महिन्यांत शिकवून घेते. वळण सहा महिन्यांत लागत नाही, म्हणून ते भरतीच्या वेळीच बघावं लागतं.

पायरी १ : आधी कामातले अवघड प्रसंग लिहून काढा

बहुतेक जण जाहिरातीपासून सुरुवात करतात. तुम्ही वहीपासून करा. तीन आठवडे दुकानात जिथे जिथे खटका उडाला, माल परत आला, गिऱ्हाईक तोंड वाकडं करून गेलं किंवा उलट खूश होऊन गेलं, ते सगळं दोन-दोन ओळींत टिपा. काय झालं, कोण काय बोललं, शेवट काय झाला, एवढंच. जॉन फ्लॅनगन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली ही रीत शास्त्रशुद्ध मांडली. कामात कोण यशस्वी होतं हे बघायचं तर गुणांची यादी करत बसू नका, निर्णायक प्रसंग गोळा करा, असा तिचा गाभा. मला हे नाव फार पुढे कळलं. मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला सुरुवात केली होती.

माझ्या वहीतले काही प्रसंग असे. शेतकऱ्याने ठिबकचं फिल्टर महिनाभर धुतलं नाही, ड्रिपर चोक झाले, आणि आता तो नळ्यांचं बंडल घेऊन काउंटरवर उभा आहे, माल खराब दिला म्हणून. वॉरंटीतली मोटर सिंगल फेजिंगने, म्हणजे तीनातला एक फेज गेल्याने, जळाली, कंपनी बदलून देणार नाही, आणि हे त्याला आपण सांगायचंय. लाइटचा आठवडा रात्रीचा आहे, साडेअकराला फोन येतो, "ताई, स्टार्टर पकडंना." टेम्पोत ७५ मिमीच्या जागी ६३ मिमीचे पाइप भरले गेले, टेम्पो रेणापूरच्या पुढे गेला, आणि चूक भरणाऱ्याच्या लक्षात आलीय. सोयाबीन निघाल्यावर देतो म्हणालेला माणूस दिवाळी झाली तरी फिरकला नाही, आणि त्याच्याच मुलीच्या लग्नाची पत्रिका आलीय.

एवढं लिहिलं की कोणत्या कामाला कोणतं वळण हवं, ते कागदावरच दिसतं. काउंटरवरच्या माणसाला आधी पूर्ण ऐकून घेता आलं पाहिजे आणि वाईट बातमी फिरवाफिरव न करता सांगता आली पाहिजे. मिस्त्रीला "हे मला येत नाही, विचारून सांगतो" हे वाक्य म्हणता आलं पाहिजे. नाहीतर तो न विचारता खोलतो आणि दोन हजारांचं काम आठ हजारांवर नेतो. गोदामातल्या माणसाने आपली चूक स्वतःहून आणि वेळेत सांगितली पाहिजे. टेम्पो चौकात असतानाच त्याचा फोन आला तर नुकसान शंभर रुपयांचं, निलंग्याला पोचल्यावर आला तर दिवसाचं. वसुलीच्या माणसाला पैसे मागताना समोरच्याची मान खाली जाऊ न देता मागता आले पाहिजेत.

एका जागेसाठी तीनच गुण निवडा. मी पहिल्यांदा अकरा लिहिले होते, त्यात 'हसतमुख'सुद्धा होतं. अकरा गुणांचा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी तो आपल्या पगारात राहत नाही. 'टीमवर्क', 'पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड' असले शब्द तर लिहूच नका. डोळ्यांना दिसेल असं वागणं लिहा. पाइपाची गाडी आली की हाक मारायच्या आधी उठतो का, हे दिसतं. टीमवर्क दिसत नाही.

पायरी २ : जाहिरात खरी द्या

"अनुभवी, होतकरू, गोड बोलणारा मुलगा पाहिजे" या जाहिरातीला चाळीस फोन येतात आणि त्यातून काहीच कळत नाही. मी मागच्या वेळी असं लिहिलं होतं : "पंप-ठिबक दुकानात काउंटरसाठी मुलगा/मुलगी पाहिजे. मार्च ते जून गर्दी फार. गिऱ्हाईक कधीकधी रागात असतं. शिकवण्याची तयारी आमची, ऐकून घेण्याची तुमची. रविवार सुट्टी. पगार अमुक." फोन चौदा आले, पण कामाचे आले. पगार लिहिलाच पाहिजे. तो लपवून ठेवायचा आणि समोरच्याकडून मोकळेपणाची अपेक्षा करायची, हे जमत नाही.

जाहिरात कुठे द्यायची? आयटीआयमध्ये, कॉलेजच्या फलकावर, तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि खास करून जुन्या गिऱ्हाइकांना तोंडी. मात्र तोंडी सांगितलं की दुसऱ्या दिवशी मामा, साडू, सरपंच, सगळ्यांचे फोन चालू होतात. "आपलंच लेकरू हाय, डोळे झाकून घ्या." नाही म्हणू नका आणि डोळेही झाकू नका. मी म्हणते, "पाठवा की मामा, पण बाकीच्यांसोबत बसू द्या, सगळ्यांना जे विचारते तेच त्यालाबी विचारते." यात मामाचा मान राहतो आणि आपली पद्धतही. ओळखीने आलेला मुलगा वाईटच असतो, असं नाही. अडचण एवढीच की तो जमला नाही तर त्याला सांगायचं की मामाला, हा घोळ होतो.

पायरी ३ : झालेलं विचारा, होणारं विचारू नका

या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ द्या.

"गिऱ्हाईक चिडलं तर तू काय करशील?" या प्रश्नाला आजवर एकानेही वाईट उत्तर दिलेलं नाही. "शांतपणे समजावून सांगीन मॅडम." यूट्यूबवर मुलाखतीच्या उत्तरांचे ढीग पडलेत, मुलं पाठ करून येतात, त्यात त्यांचा काय दोष? म्हणून प्रश्न उलटा करा. "तुझ्यावर कुणीतरी खूप चिडलं होतं, अशी अलीकडची एक वेळ सांग. कोण होतं? कशावरून? तू काय म्हणालास? मग?"

हे 'मग?' फार कामाचं आहे. पहिलं उत्तर सगळ्यांचं सारखंच गुळगुळीत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या 'मग'ला खरी गोष्ट बाहेर येते. ज्याने खरंच काही निभावलंय त्याला तपशील आठवतात : वेळ, जागा, समोरचा नेमका काय बोलला, आपलं कुठं चुकलं. ज्याने रचून सांगितलंय तो दुसऱ्या 'मग'लाच "असंच समजावलं मग" म्हणून थांबतो.

"पण ताई, पोरगं कॉलेजातनं आत्ता निघालंय, त्याला कुठला आलाय अनुभव?" असं मला एका दुकानदाराने विचारलं होतं. नोकरीचा नसेल, जगण्याचा असतो. आपल्याकडच्या वीस वर्षांच्या मुलाने काय काय केलेलं असतं बघा. बहिणीच्या लग्नात वाढप्यांची पंगत सांभाळलेली असते. गणेश मंडळाचा हिशेब ठेवलेला असतो आणि त्यावरून भांडण मिटवलेलं असतं. सोयाबीनच्या राशीच्या दिवशी मळणी यंत्रवाल्याला धरून आणलेलं असतं. आजीला सरकारी दवाखान्यात चार दिवस सांभाळलेलं असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मोठ्या मुलीने तर आईबाप सहा महिने बाहेर असताना धाकट्या भावंडांचं घर चालवलेलं असतं. एवढी जबाबदारी आमच्या दुकानात मॅनेजरवरही नसते. ती मुलगी बायोडेटात मात्र लिहिते, "अनुभव : नाही."

म्हणून मी विचारते, "घरात किंवा गावात एखादं काम पूर्ण तुझ्या अंगावर होतं, असं काही झालंय का? सांग की."

नेहमीचे प्रश्न माझे चारच. एक, वरचा चिडण्याचा. दोन, "तुझ्याकडून झालेली एखादी चूक सांग, जी दुसऱ्या कुणाला कळायच्या आधी तुला कळली. मग काय केलंस?" तीन, "एखादी गोष्ट येत नव्हती आणि कुणाकडून तरी शिकलास, अशी सांग. कुणाला विचारलंस, कसं विचारलंस?" चार, "ज्याच्याशी तुझं पटत नव्हतं अशा माणसासोबत काम करावं लागलं, असं कधी झालं?"

दुसऱ्या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त वजन देते. औसा तालुक्यातल्या एका मुलाने सांगितलं होतं, "चुलत्याच्या विहिरीवरची मोटर बंद करायची इसरलो. रातभर चालली, फुटव्हॉल्व्ह उघडा पडला, मोटर जळाली. सकाळी मीच जाऊन सांगितलं. चुलत्यानं दोन ठिवून दिल्या." मग? "मग भरायला पैशे लागले त्यातले निम्मे मी सोयाबीन काढायला रोजानं जाऊन दिले." मी विचारलं, सांगितलं नसतंस तर? म्हणाला, "लाइटीवर ढकलता आलं असतं की. पण चुलता रोज मोटर चालू करतोय, त्याला कळलंच असतं." हा मुलगा आज गोदाम बघतो. त्याच्याच आधी बसलेला एक जण सांगून गेला होता, "माझ्याकडनं सहसा चूक होत नाही." एवढं शुद्ध उत्तर ऐकलं की मी पाणी विचारते आणि पुढचा नंबर बोलावते.

सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. याचा कंटाळा येतो, मान्य. तिसऱ्या माणसापर्यंत आपल्यालाच वाटायला लागतं की हा बरा दिसतोय, याला गावाकडचं विचारू, नातेवाईक निघतील. तिथेच तुलना संपते. एकाशी गप्पा मारल्या, दुसऱ्याची परीक्षा घेतली, आणि म्हणायचं की पहिला जास्त मोकळा वाटला.

पायरी ४ : अर्धा दिवस काम करून बघा, हजेरी देऊन

बोलण्यातून जे कळतं त्याहून जास्त सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात कळतं. तीन-चार जण निवडा, एकेकाला वेगळ्या दिवशी बोलवा, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. फुकट राबवून घेऊन कुणाचा प्रामाणिकपणा तपासायचा, हे मला पटत नाही. शिवाय फुकट बोलावलं की ज्याला एसटीचं भाडं परवडतं तोच येतो.

मी काय करते ते सांगते. पहिला तास त्याला काहीच काम सांगत नाही, फक्त जुन्या माणसासोबत उभं करते. पाइप उतरवायला गाडी लागते, गिऱ्हाईक येतं, चहा येतो. काही जण मोबाइल काढतात. काही जण बघत राहतात. एखादा विचारतो, "हे पाइप साइजप्रमाणे लावायचेत का कंपनीप्रमाणे?" मला तो विचारणारा हवा असतो.

मग त्याला मुद्दाम अर्धवट माहितीचं काम देते. "त्या कोपऱ्यातले फिटिंग मोजून लिहून दे." कोपऱ्यात दोन ढीग असतात. कोणता ढीग, असं विचारतो की अंदाजाने एक मोजून मोकळा होतो? दोन्ही मोजून दोन्ही वेगळे लिहिले तर मी मनातल्या मनात टाळी वाजवते. यात सापळा लावल्यासारखं वाटू नये म्हणून काम झालं की लगेच खरं सांगून टाकते, की मी मुद्दाम कमी सांगितलं होतं. पुढे कामावर येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी फसवलं, असं वाटता कामा नये.

काउंटरच्या जागेसाठी शेवटचा अर्धा तास नाटक असतं. आमचा जुना सेल्समन शेतकरी होतो आणि भूमिकेत असा शिरतो की खऱ्या गिऱ्हाइकांनाही मजा येते. "तुमी मला फसीवलं! चार महिन्यात नळ्या चोक! माझा ऊस वाळायलाय!" समोरच्याला मी आधीच कागदावर दिलेलं असतं की फिल्टर धुतलेलं नाही, नळ्या बदलून मिळणार नाहीत, अ‍ॅसिड ट्रीटमेंटने बऱ्याचदा ड्रिपर मोकळे होतात. आता बघायचं की तो सुरुवात कशाने करतो. "तुम्ही फिल्टर धुतलं नाही" हे खरं असतं, पण पहिलंच वाक्य ते असलं की भांडण पक्कं. "काका, बसा. किती एकर हाय? कुठल्या बाजूला पाणी कमी पडायलंय?" इथून सुरुवात करणारा पाच मिनिटांनी फिल्टरवर येतोच, आणि तोवर काका खाली बसलेले असतात. मात्र नुसतं गोड बोलून "बघतो, कंपनीला कळवतो, होऊन जाईल" म्हणणारासुद्धा माझ्याकडे नापास. होणार नाही ते होईल म्हणून सांगितलं की तेच गिऱ्हाईक आठ दिवसांनी दुप्पट रागात येतं, आणि तेव्हा काउंटरवर मी असते.

नाटक झालं की एक सूचना द्या : "अजून एकदा कर, पण या वेळी त्यांना बोलताना मध्ये थांबवू नकोस." दुसऱ्या खेपेला किती बदल झाला, हे पहिल्या खेपेपेक्षा मोलाचं. सांगितलेलं दहा मिनिटांत उचलणारा माणूस वर्षभरात कुठे जाईल, याचा अंदाज इथे येतो. काही जणांचा चेहरा सूचना ऐकूनच पडतो. पडू द्या, त्याने काही बिघडत नाही. चेहरा पडूनही ज्याने बदल केला, त्याला मी जास्त गुण देते.

पायरी ५ : गुण आधी लिहा, चर्चा नंतर

दोघं-तिघं बघायला बसा. प्रत्येक गुणाला एक ते पाच, प्रत्येकाने आपल्या कागदावर, एकमेकांशी बोलायच्या आधी. शेजारी एका ओळीत कारण : त्याने काय केलं, काय म्हणाला. 'चांगला वाटला' हे कारण धरायचं नाही.

आमच्या घरात हे सगळ्यांत अवघड गेलं. दीर म्हणाले, "माणूस दारातनं आत येतानाच कळतो." वीस वर्षं धंद्यात काढलेल्या माणसाला हे वाटणारच. पण १९२० सालीच एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना गुण देतात तेव्हा एका गोष्टीचा उजेड बाकी सगळ्यांवर पडतो. देखणा, ताठ उभा राहणारा शिपाई त्यांना हुशारही वाटतो आणि भरवशाचाही. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी पंचाऐंशी वर्षांचं भरतीवरचं संशोधन एकत्र करून बघितलं, त्यात ठरावीक प्रश्नांची मुलाखत मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा सरस ठरली. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेमोड नव्याने केली, तेव्हा तर ठरावीक प्रश्नांची मुलाखत माणूस निवडायच्या पद्धतींच्या यादीत सगळ्यांत वर आली. दिरांना मी हे आकडे दाखवले नाहीत. नुसतं म्हटलं, "दारातनं आत येतानाचं तुमचं मत कागदावर लिहा, घडी घाला, गल्ल्यात ठेवा." चार वेळा घड्या उघडल्यावर ते स्वतःच कागद मागायला लागले.

पायरी ६ : कशाला भुलू नका, कशाला घाबरू नका

फाडफाड इंग्रजी म्हणजे सॉफ्ट स्किल्स, हा आपल्याकडचा फार मोठा गैरसमज आहे. क्लासवाल्यांनी तो आणखी घट्ट केलाय. टाय बांधून "मायसेल्फ" म्हणणारं पोरगं काउंटरवर जळकोटच्या आजीला काय सांगणार? उलट देवणीकडचा एक मुलगा मुलाखतीत अडखळत होता, पण कन्नड बोलायचा. भालकी-बिदरकडून येणाऱ्या शेतकऱ्यांशी तो त्यांच्या भाषेत बोलायला लागला की ते स्टुलावरून उठायचंच नाव घेत नाहीत. उदगीर-देवणी पट्ट्यातल्या मुलांना मराठी, कन्नड, दखनी यांतल्या दोन-तीन बोली सहज येतात आणि हे आपलं कौशल्य आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. तुम्ही विचारा.

खाली बघून बोलणं म्हणजे आत्मविश्वास नाही, असं पुस्तकात असतं. आपल्याकडे मोठ्यांच्या डोळ्याला डोळा न लावणं हा मान असतो. खुर्ची दिली तरी न बसणारा मुलगा दबलेला असेलच, असं नाही, त्याला तसं शिकवलंय. अशाला खुर्चीवर बसवून प्रश्न विचारण्याऐवजी पंपाजवळ नेऊन उभ्या-उभ्या बोला. हातात पाना आला की जीभ सुटते.

एक गोष्ट मी मात्र बारकाईने बघते, आणि ती बाईमाणसालाच दिसते. प्रश्न मी विचारते आणि उत्तर दिराकडे बघून येतं. एकदा झालं तर सवय म्हणून सोडते. तिसऱ्या वेळीही तेच झालं तर कागदावर लिहून ठेवते. जो मालकिणीचं ऐकत नाही, तो काउंटरवर एकट्या आलेल्या शेतकरी बाईचं काय ऐकणार? आणि आता सौरपंपाच्या चौकशीला, ठिबकच्या कागदपत्रांना बायका एकट्या येतात, बऱ्याच येतात.

आडनाव ऐकून, गाव ऐकून, "कुणाच्यातले?" असं विचारायची आपली सवय जाता जात नाही. मुलाखतीत ती दाराबाहेर ठेवा. त्याने वळणाबद्दल काडीइतकंही कळत नाही, आणि समोरच्याला मात्र सगळं कळतं. मुलींना लग्न कधी, मूल कधी, हेही विचारायचं नाही. "सात वाजेपर्यंत थांबावं लागेल, जमेल का?" हा कामाचा प्रश्न आहे. तो विचारायचाच, पण मुलालाही.

पायरी ७ : आधीच्या मालकाला फोन

उमेदवाराला सांगूनच करा. "कसा होता?" विचारलं की "चांगला होता" येतं, कारण कुणी कुणाच्या पोटावर पाय देत नाही. त्यापेक्षा विचारा, "त्याच्याकडून चांगलं काम काढायचं तर मी काय करावं?" याला मालक मोकळे होतात. "त्याला सकाळीच कामाची यादी द्या, दुपारी काम बदललं की गडबडतो." हे ऐकून माणूस नाकारायचा नसतो, सकाळी यादी द्यायची असते. आणि "परत घ्याल का?" यावर समोरचा किती वेळ गप्प राहतो, ते ऐका.

पायरी ८ : नाही म्हणायचं तेही नीट

ज्यांना घेत नाही त्यांना फोन करा. चौदातल्या तेराही जणांना. दोन मिनिटं लागतात. गाव लहान असतं, आज नाकारलेला मुलगा उद्याचं गिऱ्हाईक असतो. एकाला मी काउंटरसाठी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं, की तू समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. तो आठ महिन्यांनी पुन्हा आला, वसुलीच्या जागेसाठी. बोलताना मध्येच थांबायचा, ओठ आवळायचा, ऐकायचा. तो आता आमच्याकडेच आहे.

पायरी ९ : तीन महिन्यांनी कागद उघडा

माणूस घेतला म्हणजे काम संपलं, असं नाही. पहिले तीन महिने दर शनिवारी दहा मिनिटं त्याच्यासोबत बसते. या आठवड्यातला एक अवघड प्रसंग त्याने सांगायचा, एक मी. बोलणी चारचौघांत खायला लावायची नाहीत, कौतुक मात्र चारचौघांत करायचं. आपण त्याच्याकडून जे वळण मागतो ते आपल्यात आहे का, हे तो त्याच तीन महिन्यांत बघत असतो. माझ्याकडून एकदा बिलात चूक झाली आणि मी कॉम्प्युटरवर ढकलली. पुढच्याच आठवड्यात गोदामातली चूक 'कॉम्प्युटरने' केली होती.

तीन महिने झाले की भरतीच्या वेळचे गुणांचे कागद गल्ल्यातून काढते आणि आज तो माणूस कसा निघाला ते शेजारी लाल पेनाने लिहिते. मागच्या पाच भरतींचे कागद समोर आहेत. 'चूक सांगतो' या रकान्यात माझा अंदाज बहुतेक वेळा जुळलाय. 'येत नाही ते विचारतो' यातही बरा आहे. सगळ्यांत जास्त लाल पेन 'नम्र' या रकान्यात लागलाय. पाचातल्या तिघांना मी तिथे पाच दिले होते, आणि त्या तिघांतल्या दोघांची नम्रता माझ्यापुरतीच निघाली, हमालांशी बोलताना ती कुठे जायची कोण जाणे. या वेळच्या कागदावर तो रकाना मी ठेवलेला नाही. त्या जागी लिहिलंय : 'हमालाने पाणी मागितलं तेव्हा काय केलं.'